वडलांच्या नावानं आलेली लिंक

“मॅडम, पप्पांच्या मेलवर काही पाठवू नका. तो मेल पप्पांचा न्हाई.”

लातूरच्या क्लासच्या हॉलमधून बाकीच्या पोरी पांगल्यावर, ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत सृष्टी असं म्हणाली होती, आणि नाझनीन हसली होती. त्या दुपारी अशी विनवणी करणारी ती काही एकटी नव्हती. कुणाला टेस्टचे मार्क घरी कळायला नको होते, कुणाला दांड्या. पालकांसाठी नवी वेबसाइट निघाली म्हटल्यावर पोरींची तोंडं अशी उतरली होती, की विचारू नका.

“मार्क कमी पडलेत का गं?” नाझनीननं विचारलं.

“मार्क चांगले हायत.”

“मग? बापापासून कशाला लपवायचं?”

सृष्टी जवळ सरकली. तेवढ्यात नाझनीनच्या कडेवरचा लेक अरीब खाली उतरून माइकच्या वायरीशी झटायला लागला, नाझनीन तिकडं धावली, आणि मागं वळून बघते तर पोरगी गेलेली. बरं झालं, असंच वाटलं तिला. आईबापापासून लपवालपवी करणाऱ्या पोरांची तिनं आतापासूनच धास्ती घेतली होती. अरीब अजून धड बोलत नव्हता, तरी तो मोठेपणी आपल्यापासून काय काय लपवील, याचा हिशेब तिच्या डोक्यात सुरू असायचा. आणि ही तर बारावी होऊन, पुन्हा वर्षभर परीक्षेची तयारी करायला लातुरात राहिलेली शहाणीसुरती पोरगी. बापाला मेल जाऊ नये म्हणते!

ती वेबसाइट नाझनीननंच केली होती. विष्णुपुरीच्या कॉलेजातून कॉम्प्युटर शिकून ती निघाली, आसिफशी लग्न झालं, अरीब झाला, आणि पुण्याला नोकरीला जायचं राहिलं ते राहिलंच. नांदेडला घरी बसून ती हणमंतराव सरांच्या लातूरच्या क्लासचं काम करायची. सरांचा क्लास म्हणजे गावोगावच्या पोरांची जत्रा. लोहा, निलंगा, कुठून कुठून पोरं यायची आणि क्लासच्याच होस्टेलात राहायची. त्यांच्या आईबापांना पासवर्ड ही भानगड झेपायची नाही. रोज कुणीतरी विसरायचं, रोज कुणीतरी फोन करून डोकं खायचं.

मग नाझनीननं पासवर्डच काढून टाकला. पालकानं वेबसाइटवर नुसता आपला ईमेल टाकायचा. त्या मेलवर एक लिंक जाते, ती दाबली की आत. लिंकच्या शेपटीला अक्षरांचा असा गुंता, की अंदाजानं ओळखू म्हटलं तर जन्म जाईल. पाव तासात ती मरते, आणि एकदा उघडली तर तिथंच मरते. क्लासच्या कॉम्प्युटरवरसुद्धा ती लिंक ठेवलेली नसते, तिचा नुसता ठसा असतो, म्हणजे उद्या तो कॉम्प्युटर कुणी फोडला तरी हाती काही लागायचं नाही. काही मेलवाले आलेली लिंक आपणच आधी उघडून तपासतात आणि पालकाच्या हाती मेलेली लिंक पडते, म्हणून तिनं आत एक बटणही ठेवलं होतं: ‘होय, मीच आहे.’ ते दाबल्याशिवाय दार उघडायचं नाही.

“पासवर्डच नाही, तर चोर चोरणार काय?” असं ती हॉलमध्ये म्हणाली, तेव्हा सरांनी स्वतः टाळी वाजवली होती.

होस्टेलातून बाहेर जायचा पासही मग त्याच वेबसाइटवर आला. आधी पोरीला न्यायला कुणी आलं, की होस्टेलच्या कस्तुराबाई तिच्या बापाला फोन लावायच्या, फोन पोरीच्या कानाला धरायच्या, “तुझाच बाप हाय ना गं?” असं खडसावून विचारायच्या, आणि मगच फाटक उघडायच्या. सरांना हे गावंढळ वाटायचं. आता पालकानं लिंकनं आत जायचं, न्यायला येणाऱ्याचं नाव, नातं आणि फोटो टाकायचा, ‘परवानगी’ दाबायचं. फाटकाजवळच्या मोबाइलवर हिरवी खूण येते. कस्तुराबाईंनी फोटो आणि माणूस ताडून बघायचा, बस. पोरगी आजारी पडली, होस्टेलातल्या दवाखान्याच्या खोलीत झोपली, तर तेही पालकांना दिसायचं. ही शेवटची गोष्ट सरांनी सांगितली नव्हती. ती नाझनीननं आपल्या मनानं घातली होती. आईला कळायला नको का, पोर कधी तापली ते?

परीक्षा तोंडावर आलेली असताना एका सकाळी जमीन हलली.

तसे जमिनीतून आवाज बरेच दिवस यायचे. नाझनीन दाराला कडी न लावता झोपायची, अरीबच्या चपला उशाशी ठेवायची, आसिफ तिला हसायचा. त्या सकाळी फ्रिजवरचा डबा धाडकन खाली आला आणि हसणारा आसिफच सगळ्यांच्या आधी जिन्यात होता. खाली अख्खी गल्ली रस्त्यावर. कुणाला काही झालं नव्हतं, पण लातूरकडं नुसता हादरा जरी बसला, तरी किल्लारी पाहिलेल्या माणसांच्या जिवाचं पाणी पाणी होतं. ज्यांची पोरं तिकडं होती त्या आईबापांना धीर कुठला? फोन लागेनात. सगळे वेबसाइटवर तुटून पडले.

नाझनीन समोरच्या कट्ट्यावर लॅपटॉप घेऊन बसली. पालक लिंक मागत होते, लिंका जात होत्या, उघडत होत्या, एकही अडकत नव्हती. अरीबला मांडीत दाबून धरलेली, केस विस्कटलेले, आणि तरी तिला मनातून बरं वाटत होतं. आपण केलेलं काम आज कामाला आलं.

तेवढ्यात तिचा फोन वाजला. पोरांच्या ओळखपत्रामागं अडचणीसाठी तिचा नंबर छापलेला होता.

“हॅलो, लातूरचा क्लास हाय का? मी शेषेराव बोलतो, सृष्टीचा बाप. होस्टेलचा फोन लागून नाही राहिला, पोरीचा बी लागून नाही राहिला. पोरगी बरी हाय ना ताई? तेवढं सांगा.”

“घाबरू नका काका. होस्टेलला काही झालेलं नाही.” नाझनीननं सृष्टीचं पान उघडलं. “आणि तुम्ही मघाशी पास दिलाय की. ती निघालीसुद्धा.”

“कुठं निघाली?”

“घरी. तुमच्याकडं.”

“मी कवा पास दिला? मी रानात हाय, ताई. हरभरा काढून राहिलोत आम्ही.”

नाझनीननं पुन्हा बघितलं. शेषेरावांच्या नावानं लिंक मागवलेली. लिंक उघडलेली. ‘होय, मीच आहे’ दाबलेलं. न्यायला येणारा: व्यंकटी. नातं: काका. फोटोत तेल लावून चापून बसवलेले केस, कपाळाला गंध, चेहऱ्यावर प्रसन्न हसू.

“व्यंकटी कोण, काका?”

“व्यंकटी व्हय!” शेषेरावांचा आवाज एकदम सैल पडला. “मग काय काळजी न्हाई. आपलाच माणूस हाय. लोह्याला ऑनलाइनचं सेंटर हाय त्याचं. पोरीचा फारम त्यानंच भरला. फारमला मेल लागतो म्हणला, तर तेबी त्यानंच काढून दिला. त्याच्याच मोबाइलात असतो. आपल्याला कुठं ते कळतं?”

“म्हणजे तुमचा मेल तो उघडतो?”

“माझा एकट्याचा व्हय? आख्ख्या गावाचा उघडतो. लई भला माणूस.”

उन्हातल्या कट्ट्यावर नाझनीनच्या अंगावर काटा आला. तो मेल पप्पांचा न्हाई. पोरीनं इतकं सरळ सांगितलं होतं. आपण मार्क विचारत बसलो.

“काका, त्याला आत्ताच्या आत्ता फोन लावा. लागेपर्यंत लावा. आणि पोरीशी बोला. त्याच्याशी नाही, पोरीशी.”

बऱ्याच वेळानं शेषेरावांचा पुन्हा फोन आला. “लागला ताई. गाडीत हाय म्हणला. पोरगी झोपली म्हणला.”

“तुम्ही तिचा आवाज ऐकला का?”

“झोपलेल्या पोरीला कशाला उठवायचं? आधीच भेदरलेली असंल.”

लातूरहून सकाळी निघालेला माणूस लोह्याला दुपारच्या जेवणाआधी पोचतो. नाझनीनच्या घरी दुपार झाली, अरीब झोपून उठला, चहा झाला. ती फोन हातात धरूनच बसली होती. दिवेलागणीला शेषेरावांचा फोन आला. पोरगी पोचली होती. “आपलं सेंटर बंद ठेवून गेला बगा. देवमाणूस,” असं म्हणून त्यांनी नाझनीनचेही आभार मानले.

आणि हे कमी होतं म्हणून की काय, हणमंतराव सरांच्या स्टेटसला फोटो झळकला. होस्टेलचं फाटक, गाडीच्या दाराला टेकलेला व्यंकटी, मागं सीटवर अर्धवट दिसणारी, मान खाली घातलेली सृष्टी. वर लिहिलेलं: ‘भूकंपाच्या संकटातही पाल्याची सुरक्षा पालकांच्या हाती! आमच्या पोर्टलमुळे पालक काही मिनिटांत पाल्यापर्यंत!’ खाली टाळ्यांच्या आणि हात जोडल्याच्या खुणांची रांग. नाझनीनच्या तोंडात आंबट पाणी आलं. ती मोरीत जाऊन थुंकली, चूळ भरली, पुन्हा थुंकली. चव जाईना.

सकाळी ती अरीबला घेऊन निघाली तेव्हा आसिफ दारात आडवा उभा राहिला.

“तू कायको जाती? गाँव का मामला है, नाज़. पोरीच्या नावाला जरा काही लागलं, तर पहिला दगड आपल्याच दारावर येईल. कळतं ना तुला?”

“कळतं.”

“फिर?”

“वो दरवाजा तो मैंच बनाई ना?”

आसिफनं अरीबच्या पाण्याची बाटली तिच्या पिशवीत घातली आणि बाजूला झाला.

लोह्याच्या स्टँडमागं व्यंकटीचं सेंटर सापडायला वेळ लागला नाही. ज्याला विचारावं तो बोट दाखवायचा. आत उदबत्तीचा आणि गुटख्याचा मिळून एक वास. देवांच्या तसबिरी, त्याखाली प्रिंटर, प्रिंटरशेजारी पाण्याची अर्धी कापलेली बाटली, आणि तिच्यात तळाला लाल थुंकी. नाझनीननं क्लासचं नाव सांगताच व्यंकटी खुर्चीवरून उठला.

“अरे वा वा वा, तुमीच व्हय त्या मॅडम! बसा, बसा. पोराला बिस्कीट द्या रे कुणीतरी. काय गोंडस हाय!” त्यानं अरीबचा गाल चिमटीत धरला. अंगठ्याचं नख कात-चुन्यानं रंगलेलं होतं.

“सगळ्या पालकांचे मेल तुमच्याकडं असतात?”

“मग? सांभाळायचे कुणी? ह्या लोकायला हिरवं आन् लाल कळतं, बाकी काय कळतं?” त्यानं मोबाइल तिच्यापुढं धरला. अंगठा वर-खाली फिरवला तशी नावं पळायला लागली. शेषेराव, त्यांचे भाऊबंद, शेजारचं गाव, त्याच्या पलीकडचं गाव. “तुमची पद्धत लई भारी हाय, मॅडम. आधी दर पोराचा पासवर्ड ध्यानात ठेवा, लई कटकट होती. आता लिंक मागितली की टिंग. दाबलं की आत. पोरींचे फोटो बी लई क्लिअर ठेवलेत तुमी.”

नाझनीननं अरीबला आपल्याकडं ओढून घेतलं.

“कोण टेस्टला गेली, कोण झोपून राहिली, सगळं समजतं. कुणाची पोटदुखी कवा येती, तेबी आता पाठ झालंय,” असं म्हणून तो हसला, आणि बाटली उचलून तिच्यात थुंकला.

ते पान तिनं केलं होतं. आईला कळावं म्हणून.

“काल पोरीला पोचवायला दिवस कसा गेला?” तिनं विचारलं.

व्यंकटीचं हसू तसंच राहिलं, डोळे मात्र बदलले. “रस्त्याला गर्दी होती. तिच्या बापानं न्हाई विचारलं ते. तुमी कोण?”

“बापाला सांगते मग.”

“सांगा की. लिंक तुमची. ‘होय, मीच आहे’ तुमीच लिहिलंय. मी आपलं नुसतं दाबतो.” मग आवाज मऊ करून, “चहा सांगू का मॅडम? ऊन लई हाय.”

बाहेर येऊन नाझनीननं बाटलीतलं पाणी ओढणीच्या टोकावर ओतलं आणि अरीबचा गाल पुसला. पुन्हा पुसला. गाल लाल होऊन पोरगं रडायला लागलं तेव्हा कुठं तिचा हात थांबला.

शेषेरावांचं गाव रस्त्यापासून आत होतं. हादऱ्याच्या भीतीनं लोकांनी बाजा अंगणात आणल्या होत्या. सृष्टी अशाच एका बाजेवर पुस्तक उघडून बसली होती, पान मात्र उलटत नव्हती. शेषेराव रानात होते. आई, विठाबाई, “लातूरच्या मॅडम आल्या” म्हणून लगबगीनं चुलीकडं गेली.

“मी सांगितलं होतं तुम्हाला,” सृष्टी म्हणाली. रागानं नाही. नुसतं, पुस्तकाकडं बघत.

“हो. सांगितलं होतंस.”

मग ती तुकड्या-तुकड्यानं बोलली. बरेच महिने व्यंकटीकाका फोन करायचा. आज टेस्टला मागं का पडलीस, काल दवाखान्याच्या खोलीत का झोपलीस, आधी गोड बोलायचा. नीट बोललीस तर बापाला मार्क चांगले सांगीन, नाही तर मला वाटतील ते सांगीन. तिच्या बापाला तिच्याबद्दल जे कळायचं ते त्याच्या तोंडूनच कळायचं, आणि ते त्याला पक्कं माहीत होतं. काल तो लातुरातच कुठंतरी होता; हादरा बसल्यावर पोरी मैदानात उभ्या असतानाच तो फाटकापाशी हजर झाला. हिरवी खूण आली होती. कस्तुराबाई म्हणाल्या, जा बाई, बापानं सांगितलंय.

“मला वाटलं, खरंच पप्पांनी सांगितलं असंल. भूकंप झाला होता ना.” तिनं पुस्तक मिटलं. “लिंबोटीच्या धरणाकडं नेलं. गाडी उभी केली. हात धरला. मी सोडवला. बाकीचं विचारू नका, मॅडम. आन् म्हणला, तुझ्या फाटकाची चावी माझ्या खिशात हाय. परत येतो.”

“तुझ्या पप्पांना आपण दोघी मिळून सांगू.”

“सांगा. उद्या माझं सामान घरी, आन् परवा पाव्हणे बघायला. पप्पा वाईट न्हाईत, पण त्यांना दुसरं काही सुचणार न्हाई.” आता मात्र तिनं नाझनीनकडं सरळ बघितलं. “परीक्षा होऊ द्या. परीक्षा झाली की तुम्ही म्हणाल तिथं सही करते. पोलिसात म्हणाल तर पोलिसात. आत्ता मला तिथं राहून अभ्यास करायचाय. तोवर माझं फाटक तेवढं बंद करा. तुम्हाला येतं ना ते?”

चहाचे कप घेऊन विठाबाई कधीची दारात उभी होती. कप तिनं हळूच बाजेवर ठेवले.

“मी सोडते हिला लातूरला,” ती म्हणाली. “हिच्या बापाला काय सांगायचं ते माझं मी बगते. पण बाई, तुमी शिकलेल्या हाव. त्या मोबाइलातून त्याला भाईर काढा.”

नाझनीन तिथूनच लातूरला गेली. हणमंतराव सर केबिनमध्ये चिवडा खात होते. समोर निकालाच्या बॅनरचा कागद अंथरलेला, त्यावर मागच्या वर्षीच्या पोरांचे चेहरे, आणि त्या चेहऱ्यांवर शेंगदाण्याची फोलपटं. तिनं सगळं सांगितलं. सर मध्येच उठले नाहीत, थांबवलं नाही. ऐकून घेतलं आणि विचारलं, “लिंक फुटली का?”

“नाही.”

“कुणी हॅक केली?”

“नाही सर, पण…”

“मग तुमची सिस्टिम पास झाली की हो! तुम्ही तर पेढे वाटायला पाहिजेत.” त्यांनी मिशीला लागलेला चिवडा झटकला. “आपला मेल दुसऱ्याला देऊ नये, दिल्यास क्लास जबाबदार नाही. वेबसाइटच्या तळाला कुणी लिहिलंय हे? तुम्हीच ना?”

तिनंच लिहिलं होतं.

“व्यंकटी आपला माणूस आहे. दरवर्षी गाडी भरून पोरं आणून सोडतो. आणि एक सांगू का, मॅडम? वाईट वाटून घेऊ नका. पोरगी गाडीत बसलीच ना? कुणी उचलून तर नाही टाकली?” त्यांनी प्लेट तिच्याकडं सरकवली. “घ्या, चिवडा घ्या. घरचा आहे.”

त्या प्लेटीकडं बघून नाझनीनला अशी शिसारी आली, की तिनं अरीबला उचललं आणि खुर्ची मागं ढकलून ती सरळ बाहेर पडली. व्यंकटीची किळस तरी वेगळी होती. तिथून अंग झटकून बाहेर येता यायचं. इथं तर तिचेच शब्द, तिचंच चोख काम, चिवड्यासारखं चघळून तिच्यापुढं ठेवलेलं.

व्हरांड्यातल्या बाकावर बसून तिनं लॅपटॉप उघडला आणि पासचं पान बंद करून टाकलं. सगळ्यांसाठीच. फोटो आणि आजारपण झाकलं. एका मोबाइलवर अनेक पालकांचे मेल उघडत असतील, तर तिकडं लिंक जाणारच नाही, अशी सोय केली. मग होस्टेलवर जाऊन कस्तुराबाईंना सांगितलं, “उद्यापासून पुन्हा तुमचा फोन. बापाचा आवाज, पोरीचा होकार, दोन्ही झाल्याशिवाय फाटक उघडायचं नाही.”

“बरं झालं माय,” कस्तुराबाई म्हणाल्या. “काल मी त्या पोरीच्या तोंडाकडं न बघता मोबाइलकडं बघितलं. रातभर डोळ्याला डोळा न्हाई.”

विठाबाईनं शब्दाप्रमाणे लेकीला आणून होस्टेलात सोडलं. शेषेरावांना तिनं काय सांगितलं कोण जाणे. नाझनीनला वाटलं, निभावलं.

तिला वाटलं तेवढंच. थोड्याच दिवसांनी तिनं वेबसाइटवर आत जायला आपला मेल टाकला, तर समोर नेहमीचं वाक्य आलं: ‘या मेलवर खातं असल्यास लिंक पाठवली आहे.’ हे वाक्यही तिचंच. खातं आहे की नाही ते परक्याला कळू नये, म्हणून तिनं ते असं मोघम ठेवलं होतं. लिंक आली नाही. पुन्हा टाकला, पुन्हा तेच वाक्य. तेव्हा तिच्या ध्यानात आलं, की आता परकी आपण आहोत. संध्याकाळी सरांच्या स्टेटसला आलं: ‘तांत्रिक अडचण दूर झाली आहे. पालकांच्या आग्रहास्तव पास सुविधा पूर्ववत सुरू.’

तिनं होस्टेलला फोन लावला. कस्तुराबाईंना आता मुलांच्या मेसवर टाकलंय, असं एक अनोळखी आवाज म्हणाला. सृष्टीला द्या म्हटलं, तर परीक्षेपर्यंत पोरींचे मोबाइल जमा आहेत, पालकांशिवाय कुणाला बोलता येत नाही, आणि तुमचं नाव वर लिहून ठेवलेलं आहे, तुम्ही फोन करू नका. ती स्वतः जाऊन फाटकाशी उभी राहिली. वॉचमननं अरीबला बघून बसायला खुर्ची दिली, पण आत सोडलं नाही. शेवटी तिनं शेषेरावांना फोन केला.

“पोरगी बरी आहे ना काका? बोलली का तुमच्याशी?”

“मजेत हाय की. मार्क बी वाढलेत.”

“तिनं सांगितलं?”

“न्हाई. व्यंकटी म्हणला.”

विठाबाईकडं फोन नाही. ती एकदा शेजारणीच्या फोनवरून बोलली, तेव्हा रडत होती. आपल्याला लातूरला जाऊ देत नाहीत, एवढंच तिला सांगता आलं. पोलिसात जायचं, तर सृष्टीची सही परीक्षेनंतर. पोरीचा शब्द मोडायचा की पाळायचा, यावर नाझनीन रोज स्वतःशी भांडते. अरीबला भरवताना भांडते, कपडे वाळत घालताना भांडते. दोन्हीकडून तिला भीतीच वाटते. आसिफ आता तिला अडवत नाही, उलट तोच विचारतो, काही कळलं का. काही कळलेलं नसतं.

म्हणून हे वाचणाऱ्याकडं तिचं एक मागणं आहे. तुम्ही लातुरात राहत असाल, किंवा रविवारी आपल्या पोराला भेटायला जाणार असाल, तर हणमंतराव सरांच्या क्लासचं मुलींचं होस्टेल कुणीही दाखवील. तिथं फाटकाशी जा. सृष्टी शेषेराव, रिपीटरच्या बॅचमधली, लोह्याकडची, असं नाव सांगा. मोबाइलवर बघून सांगतो म्हणाले, तर नको म्हणा. पोरीलाच बाहेर बोलवायला लावा. पोरगी उंच आहे, सडसडीत, बोलताना ओढणीशी चाळा करते. तिला विचारा, जेवलीस का? अभ्यास होतोय का? आणि ती काय म्हणते त्यापेक्षा कशी म्हणते, ते नीट ऐका. तुमच्यासोबत तुमची आई, बहीण, बायको कुणी असेल, तर तिलाही न्या. तिच्याशी पोरगी जास्त बोलेल.

आणि ती काकांबरोबर गेली असं कुणी म्हणालं, तर तिथून हलू नका. कोणते काका, कुठं नेलं, परवानगी देणाऱ्या बापाचा आवाज कुणी ऐकला, हे चारचौघांत मोठ्यानं विचारा. लाजू नका. फोन करून भागवू नका. जा.